वाचक विचारतात : पीपीटीचा व्हिडिओ करताना

पॉवरपॉइंटमध्ये केलेल्या सादरीकरणाचा, म्हणजे पीपीटीचा, व्हिडिओ कसा करायचा, याबद्दल गेल्या दोन महिन्यांत विदर्भातल्या गावांतून बरीच पत्रे आली. त्यातले सात प्रश्न इथे घेतले आहेत. मेनूंची नावे संगणकावर इंग्रजीत दिसतात. त्यांचे उच्चार तसेच ठेवले आहेत.

प्रश्न : गुलाबी बोंडअळीवर आमच्या शेतकरी गटाने २२ स्लाइडची पीपीटी केली. समाजमंदिरातल्या ३२ इंची टीव्हीवर पेनड्राइव्हने लावता यावी म्हणून तिचा व्हिडिओ केला. पण एकेक स्लाइड पाच सेकंदांत निघून जाते, मागे बसलेल्यांना वाचता येत नाही आणि आवाज तर नाहीच. काय चुकले? (गटाचे सचिव, ता. घाटंजी, जि. यवतमाळ)

दोन गोष्टी राहून गेल्या आहेत. फाइल, एक्स्पोर्ट, क्रिएट अ व्हिडिओ या वाटेने गेलात की खाली 'सेकंड्स स्पेंट ऑन इच स्लाइड' असा चौकोन दिसतो. त्यात आधीपासून ५ सेकंद लिहिलेले असतात. तुम्ही वेळ दिला नाही, म्हणून प्रत्येक स्लाइडला तेवढाच मिळाला. माणूस बोलत असताना समोरच्याचा चेहरा बघून थांबतो. व्हिडिओ कोणासाठी थांबत नाही. म्हणून व्हिडिओ करणे हे दोन क्लिकचे काम असले, तरी खरी मेहनत वेळ बसवण्यात आहे.

वेळ असा काढा. स्लाइडवरचा मजकूर मोठ्याने, सावकाश वाचा, मोबाइलच्या स्टॉपवॉचवर सेकंद मोजा आणि त्यात २ ते ३ सेकंद मिळवा. 'हेक्टरी ५ कामगंध सापळे लावा. सलग ३ रात्री प्रत्येक सापळ्यात ८ किंवा जास्त पतंग दिसले तर फवारणीची वेळ आली' एवढे वाचायला दहा-अकरा सेकंद जातात. म्हणजे त्या स्लाइडला १३ सेकंद हवेत. डोमकळीचा (अळी लागलेल्या फुलाचा) फोटो असेल तर २० सेकंद द्या. गुलाबाच्या कळीसारखे मिटलेले पराटीचे (कपाशीचे) फूल आपण शेतात बघितले होते का, हे माणूस फोटो बघता बघता आठवत असतो. प्रत्येक स्लाइडवर जाऊन ट्रान्झिशन्स या टॅबमध्ये 'आफ्टर'समोर टिक करा आणि सेकंद लिहा. मग एक्स्पोर्ट करताना 'यूज रेकॉर्डेड टायमिंग्ज अँड नॅरेशन्स' निवडा. हा पर्याय निवडला नाही तर बसवलेले सगळे सेकंद बाजूला पडतात आणि पुन्हा पाच-पाच सेकंदच मिळतात. बहुतेकांचे इथेच फसते.

आता अक्षरांचा आकार. साध्या रुंद स्लाइडची उंची साडेसात इंच, म्हणजे ५४० पॉइंट. ३२ इंची टीव्हीच्या पडद्याची उंची साधारण ४० सेंटिमीटर. हिशेब केला तर १८ पॉइंटचे अक्षर पडद्यावर सव्वा सेंटिमीटरभर येते आणि त्यातच काना, मात्रा, रफार सगळे बसवायचे असते. वीस फुटांवरून ते वाचता येणार नाही. मजकूर ३२ पॉइंटच्या खाली नेऊ नका. तो पडद्यावर जवळजवळ अडीच सेंटिमीटर दिसतो. एका स्लाइडवर चार ओळींपेक्षा जास्त मावत नसेल तर स्लाइड फोडून दोन करा. फवारणीचे आठ ओळींचे कोष्टक तर पडद्यावर आणूच नका. त्याची झेरॉक्स वाटा, ती घरी कामाला येते.

आवाज स्लाइड शोमधल्या 'रेकॉर्ड स्लाइड शो'ने भरता येतो. बोलत बोलत स्लाइड पुढे नेली की आवाज आणि वेळ दोन्ही आपोआप नोंदले जातात, मग सेकंद हाताने बसवायची गरज उरत नाही. एक जपा : स्लाइड बदलत असताना पॉवरपॉइंट आवाज टिपत नाही. वाक्य पूर्ण करा, एक सेकंद थांबा, मग पुढची स्लाइड घ्या, ती पूर्ण आली की बोला. नाहीतर 'फवारणी करू नका'मधला 'नका' तेवढा गळायचा. शेतीच्या सल्ल्यात ही चूक महागात पडते.

प्रश्न : माझ्या शाळेत पहिली-दुसरीची बरीच मुले घरी कोरकू बोलतात. एकाच पीपीटीचा मराठी आणि कोरकू असा दुहेरी व्हिडिओ करता येईल का? शिवाय एका स्लाइडवर बोलताना चूक झाली तर सगळे परत रेकॉर्ड करावे लागते का? (शिक्षिका, ता. धारणी, जि. अमरावती)

करता येईल, आणि जरूर करा. पॉवरपॉइंट आवाज प्रत्येक स्लाइडला वेगळा जोडतो, म्हणून हे सोपे आहे. चुकलेल्या स्लाइडवर जा, 'रेकॉर्ड फ्रॉम करंट स्लाइड' निवडा, तेवढीच परत बोला आणि पुढच्या स्लाइडवर न जाता थांबवा. पुढे गेलात तर पुढच्या स्लाइडचा आधीचा आवाज पुसून नवा बसतो.

कोरकूसाठी मराठीची फाइल 'सेव्ह अ‍ॅज'ने दुसऱ्या नावाने जपून ठेवा. नव्या प्रतीत 'क्लिअर नॅरेशन्स ऑन ऑल स्लाइड्स' करा आणि वेळही पुसा, कारण कोरकू वाक्याची लांबी मराठीएवढी नसते. मग घरी कोरकू बोलणाऱ्या एखाद्या आईला किंवा अंगणवाडीताईला बोलू द्या. पाठ करून म्हणायला लावू नका. स्लाइडवरचे चित्र दाखवा आणि त्यांच्या शब्दांत सांगू द्या. मुलांना तोच आवाज ओळखीचा वाटेल.

रेकॉर्डिंगची वेळ सकाळी सहा-सातची धरा. एप्रिल-मे मध्ये दुपारी कूलर बंद करवत नाही, आणि त्याची घरघर प्रत्येक स्लाइडमागे ऐकू येते. पंखाही बंद करा. वर्ग रिकामा असेल तर भिंतींवरून आवाज घुमतो. खिडक्यांना सतरंज्या लावल्या की बराच फरक पडतो. लॅपटॉपचा माइक चांगला नसेल तर मोबाइल तोंडापासून वीतभर दूर, किंचित बाजूला धरून स्लाइडगणिक वेगळी फाइल रेकॉर्ड करा. ती इन्सर्ट, ऑडिओने त्या-त्या स्लाइडवर टाका. स्टार्टसमोर 'ऑटोमॅटिकली' करा आणि 'हाइड ड्युरिंग शो'वर टिक करा, म्हणजे स्पीकरचे चित्र दिसत नाही. या पद्धतीत स्लाइडचे सेकंद मात्र हातानेच बसवावे लागतात. आवाज १८ सेकंदांचा असेल तर स्लाइडला २० द्या.

प्रश्न : २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेसाठी व्हिडिओ बनवत होतो. अर्ध्यावर लाइन गेली, लॅपटॉप बंद पडला. फोल्डरमध्ये फाइल दिसते पण चालत नाही. दुरुस्त होईल का? (संगणक परिचालक, ता. कुरखेडा, जि. गडचिरोली)

होणार नाही, तिच्यामागे वेळ घालवू नका. एमपी४ या प्रकारच्या व्हिडिओ फाइलमध्ये कुठले चित्र कुठे आहे याची एक सूची असते आणि ती सहसा काम पूर्ण झाल्यावर शेवटी लिहिली जाते. सूची नसेल तर प्लेअरला आतले काही सापडत नाही. तुमची पीपीटी शाबूत आहे ना, मग पुन्हा एक्स्पोर्ट करा.

या वेळी आधी बॅटरी पूर्ण भरा आणि मग चार्जर लावूनच काम सुरू करा. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, पॉवर या ठिकाणी 'स्लीप' नेव्हर करा, कारण लॅपटॉप झोपला तरी काम अडते. झाकण मिटू नका. पॉवरपॉइंटच्या खालच्या पट्टीत हिरवट रेघ पुढे सरकताना दिसते. ती पूर्ण होईपर्यंत पॉवरपॉइंट बंद करायचे नाही. सी ड्राइव्हमध्ये ५ जीबी तरी जागा मोकळी ठेवा. फाइल आधी लॅपटॉपवर तयार करा, मग पेनड्राइव्हवर उतरवा. थेट पेनड्राइव्हवर एक्स्पोर्ट केले तर धक्का लागून पेनड्राइव्ह हलला तरी सगळे वाया जाते.

लाइनचा भरवसा नसेल तर पीपीटीचे तीन-चार तुकडे करून वेगळे व्हिडिओ करा. एक गेला तरी बाकीचे हाती राहतात. दर्जा 'एचडी ७२०पी' ठेवा. जुन्या लॅपटॉपवर फुल एचडीला बराच जास्त वेळ लागतो आणि ३२ इंची पडद्यावर फरक फारसा कळत नाही. फोर-केच्या तर वाटेलाच जाऊ नका.

प्रश्न : आमची पीपीटी श्रीलिपीत टाइप केली आहे. पंचायत समितीच्या संगणकावर उघडली की सगळी चिन्हे दिसतात. व्हिडिओतही तसेच होईल का? (ग्रामपंचायत सदस्य, ता. समुद्रपूर, जि. वर्धा)

नाही. व्हिडिओत अक्षरांचे चित्र होते, त्यामुळे फाँट नसलेल्या संगणकावरही ती जशीच्या तशी दिसतात. मात्र ज्या संगणकावर श्रीलिपी टाकलेली आहे, त्याच संगणकावर एक्स्पोर्ट करा. पुढची पीपीटी युनिकोडमध्येच (कुठल्याही संगणकावर वाचता येणाऱ्या अक्षरांत) करा. जुन्या विंडोजसोबत मंगल आणि नव्या विंडोजसोबत निर्मला हा फाँट येतोच.

प्रश्न : व्हिडिओ लॅपटॉपवर छान चालतो, पण टीव्ही म्हणतो फाइल चालत नाही. दुसऱ्या टीव्हीवर चालतो, पण वरचे मथळे अर्धे कापले जातात. (बचत गटाच्या सीआरपी, म्हणजे समुदाय संसाधन व्यक्ती असलेल्या ताई, ता. मूल, जि. चंद्रपूर)

ताई, या दोन वेगळ्या अडचणी आहेत. पहिलीत बहुतेक फाइलचा प्रकार नडतो आहे. पॉवरपॉइंट २०१० फक्त डब्ल्यूएमव्ही फाइल बनवते आणि पुष्कळ टीव्हींना ती चालत नाही. २०१३ पासूनच्या आवृत्तीत सेव्ह करताना 'एमपीईजी-४ व्हिडिओ' निवडता येते, तेच निवडा. फाइल आधीच डब्ल्यूएमव्हीत असेल तर हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरने एमपी४ करून घ्या. त्यात व्हिडिओसाठी एच.२६४ ही व्हिडिओ दाबून लहान करण्याची पद्धत ठेवा. एच.२६५ने फाइल लहान होते, पण जुने टीव्ही ती वाचत नाहीत.

फाइल एमपी४ असूनही टीव्हीला दिसतच नसेल तर पेनड्राइव्ह तपासा. ६४ जीबीचे पेनड्राइव्ह बहुधा एक्सफॅट या फॉरमॅटच्या प्रकारात येतात, आणि जुन्या टीव्हींना फॅट३२ लागतो. १६ किंवा ३२ जीबीचा घ्या, विंडोजमध्ये राइट क्लिक करून फॉरमॅट, फॅट३२ करा. फॉरमॅट केले की आतले सगळे पुसले जाते, म्हणून गटाचा हिशेब त्यात असेल तर आधी काढून ठेवा. फाइलचे नाव इंग्रजी अक्षरांत, छोटे आणि मोकळी जागा न सोडता द्या. मराठी नावाच्या जागी काही टीव्हींवर नुसते चौकोन येतात आणि कोणती फाइल कोणती ते कळत नाही.

मथळे कापले जातात ते टीव्ही चित्र थोडे फुगवून दाखवतो म्हणून. रिमोटवर पिक्चर साइजमध्ये 'जस्ट स्कॅन' किंवा 'स्क्रीन फिट' असा पर्याय शोधा. परक्या गावच्या टीव्हीचा रिमोट हाताशी नसतो, तेव्हा स्लाइडच्या चारही कडांना थोडी जागा मोकळी सोडलेली बरी : वर-खाली अर्धा इंच, बाजूंना पाऊण इंच. दोन्ही बाजूंना काळे पट्टे येत असतील तर स्लाइड जुन्या ४:३ आकाराची आहे. डिझाइन, स्लाइड साइजमध्ये १६:९ करा आणि मग प्रत्येक स्लाइड डोळ्याने तपासा, कारण फोटो आणि मजकूर जागचे हलतात.

प्रश्न : व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला की अक्षरे पुसट होतात. (शेतकरी, ता. मोर्शी, जि. अमरावती)

गॅलरीतून पाठवलेला व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅप दाबून लहान करते. फोटोतल्या चेहऱ्याला ते चालते, बारीक अक्षरांना चालत नाही. पिनेच्या खुणेवर दाबून 'डॉक्युमेंट'ने पाठवा, फाइल आहे तशी जाते. मात्र गटातल्या सगळ्यांचा डेटा जातो, म्हणून आधी हँडब्रेकमध्ये 'फास्ट ७२०पी३०' निवडून दर्जा ठरवणारा 'आरएफ'चा आकडा वाढवून २५-२६ करा (आकडा मोठा तेवढी फाइल लहान) आणि आवाज मोनो ठेवा. स्लाइडमध्ये हालचाल कमी असते, त्यामुळे फाइल पुष्कळ लहान होते आणि अक्षरे टिकतात. फक्त मोबाइलवरच बघायचा असेल तर स्लाइड साइजमध्ये रुंदी ७.५ आणि उंची १३.३३ इंच देऊन उभा व्हिडिओ करा.

प्रश्न : आमच्याकडे पॉवरपॉइंट २००७ आहे. त्यात व्हिडिओचा पर्यायच दिसत नाही. (निवृत्त शिक्षक, ता. मेहकर, जि. बुलडाणा)

सर, ती सोय २०१० च्या आवृत्तीपासून आली. तुमच्यासाठी दोन वाटा आहेत.

पहिली, स्लाइडचे फोटो करून. 'सेव्ह अ‍ॅज'मध्ये पीएनजी निवडा आणि 'एव्हरी स्लाइड' म्हणा. एका फोल्डरमध्ये प्रत्येक स्लाइडचे चित्र तयार होते. ती चित्रे ओपनशॉट किंवा शॉटकट या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ओळीने लावून आवाज जोडायचा. इथे एक घोटाळा होतो : चित्रांची नावे स्लाइड १, स्लाइड २ अशी असतात आणि काही सॉफ्टवेअर १ नंतर थेट १०, ११ घेऊन मग २ कडे वळते. म्हणून नावे ०१, ०२, ०३ अशी बदलून घ्या. या पद्धतीत अ‍ॅनिमेशन राहत नाही. शिकवण्याच्या पीपीटीत त्याची उणीव भासत नाही.

अ‍ॅनिमेशन हवेच असेल तर दुसरी वाट : ओबीएस स्टुडिओने पडदा रेकॉर्ड करायचा आणि स्लाइड शो चालवत बोलायचे. ओबीएसच्या सेटिंग्जमध्ये आउटपुट, रेकॉर्डिंग फॉरमॅट 'एमकेव्ही' ठेवा. लाइन गेली तरी तोवरचे रेकॉर्डिंग त्यात शाबूत राहते. नंतर फाइल मेनूतल्या 'रीमक्स रेकॉर्डिंग्ज'ने मिनिटभरात एमपी४ होते. सुरू करण्याआधी व्हॉट्सअ‍ॅप, ई-मेल बंद करा, नाहीतर आलेला निरोप व्हिडिओत दिसतो. ओबीएस मात्र नव्या विंडोजवरच चालते. तुमचा संगणक विंडोज ७ चा असेल तर फोटोंचीच वाट धरा.