वाचकांचे प्रश्न : सगळ्यांना वाचता येतील अशा नोट्स

प्रश्न : मी विद्यापीठात इतिहास शिकवते. यंदा माझ्या वर्गात एक पूर्णतः दृष्टिहीन विद्यार्थी आहे. गेल्या अनेक वर्षांत जमवलेल्या नोट्स मी सर्वांना पीडीएफ करून पाठवते. त्याचे म्हणणे असे की, काही फायली त्याला नीट ऐकता येतात, काही उघडल्या की स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्राम) गप्प राहतो आणि एक-दोन फायलींत तर तो भलतीच अक्षरे वाचत सुटतो. सगळ्या फायली पीडीएफच असताना असे का होते? सगळे साहित्य नव्याने टाइप करावे लागेल का?

उत्तर : नव्याने टाइप करण्याची वेळ सहसा येत नाही. आपल्या विद्यार्थ्याने तीन निरनिराळी दुखणी एकदम सांगितली आहेत. ती वेगवेगळी ओळखली की काम आटोक्यात येते.

जी फाईल उघडताच स्क्रीन रीडर गप्प बसतो, ती बहुधा पुस्तकाची पाने स्कॅन करून केलेली असते. म्हणजे तिच्यात मजकूर नसून पानांची छायाचित्रे असतात, आणि छायाचित्रात वाचण्यासारखे काहीच त्या प्रोग्रामला सापडत नाही. परीक्षा सोपी आहे : माऊसने एखादे वाक्य निवडून पाहावे, ओळ निवडली गेली तर मजकूर आहे, अख्खे पान निळे झाले किंवा काहीच निवडले गेले नाही तर ते चित्र आहे. अशा पानांवर ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरे ओळखून त्यांचा मजकूर करून देणारे तंत्र, चालवावे लागते. मात्र ओसीआरने दिलेला मजकूर मुळाशी ताडून पाहिल्याशिवाय पुढे पाठवू नये, कारण पान जरा तिरके असले की जोडाक्षरे मोडतात आणि ‘घ’चा ‘ध’ किंवा ‘भ’चा ‘म’ होतो. त्याआधी प्रकाशकाकडे डिजिटल प्रत मागून पाहणे केव्हाही चांगले. प्रत मिळाली नाही तरी वाट बंद होत नाही : 2013 साली झालेला आणि 2016 पासून अमलात असलेला मराकेश करार ज्या देशांनी स्वीकारला आहे, त्यांना छापील मजकूर वाचू न शकणाऱ्यांसाठी सुलभ प्रती तयार करण्याची सवलत आपल्या कायद्यात ठेवावी लागते. आपल्या ग्रंथपालांना ही तरतूद ठाऊक असण्याची शक्यता बरीच आहे, म्हणून पहिली विचारणा त्यांच्याकडे करावी.

भलतीच अक्षरे वाचणारी फाईल जुन्या, युनिकोडपूर्व पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असणार (युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा ठरावीक संकेतांक देणारी पद्धत). तिच्यात पडद्यावर ‘क’ दिसतो खरा, पण संगणकाने साठवलेले असते एखादे रोमन अक्षर किंवा चिन्ह. देवनागरी हा केवळ वर चढवलेला मुखवटा असतो. स्क्रीन रीडरला मुखवटा दिसत नाही, तो आतले अक्षर वाचतो. मूळ फाईल उघडून मजकूर फॉन्ट-परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणावा आणि एकदा नजरेखालून घालावा. रफार आणि ऱ्हस्व वेलांटी यांच्या जागा विशेष तपासाव्यात.

आता ज्या फायली ‘नीट ऐकता येतात’ त्यांच्याकडे वळू, कारण माझ्या मते खरी अडचण तेथेच लपलेली असते. चाळीस पानांच्या नोट्समध्ये डोळस विद्यार्थी पाने भराभर चाळून हवे ते प्रकरण गाठतो. दृष्टिहीन विद्यार्थी एनव्हीडीए हा विनामूल्य स्क्रीन रीडर वापरत असेल, तर तो ‘एच’ ही कळ दाबून एका शीर्षकावरून दुसऱ्यावर जाऊ शकतो. पण आपण शीर्षक केवळ ठळक आणि मोठे केलेले असेल, तर प्रोग्रामच्या लेखी ते शीर्षकच नव्हे. मग त्याला पहिल्या ओळीपासून ऐकत बसावे लागते. वर्डमध्ये शीर्षकाच्या ओळीवर कर्सर ठेवून कंट्रोल, ऑल्ट आणि 1 या कळा एकत्र दाबल्या की ‘हेडिंग 1’ ही शैली लागते, उपशीर्षकासाठी 2. पीडीएफ करताना ‘प्रिंट टू पीडीएफ’ वापरू नये, कारण त्यात ही सगळी रचना पुसली जाते. ‘सेव्ह ॲज’ने करावी. इतके करूनही देवनागरी पीडीएफमध्ये मात्रांचा क्रम पुष्कळदा बिघडतो, म्हणून पीडीएफसोबत मूळ वर्ड फाईलही द्यावी असा माझा आग्रह राहील.

प्रश्न : मी अर्थशास्त्र शिकवतो. आलेखांना ऑल्ट टेक्स्ट (स्क्रीन रीडरने वाचावे असे चित्राचे लेखी वर्णन) द्यावे असे सांगण्यात आले, म्हणून मी प्रत्येक ठिकाणी ‘मागणी-पुरवठ्याचा आलेख’ असे लिहिले. वर्डमधील सुलभता-तपासणीने एकही चूक दाखवली नाही. एवढे पुरेसे आहे का?

उत्तर : नाही. तपासणी फक्त वर्णनाची जागा भरली आहे की नाही ते पाहते. त्यातून काही कळते का, हे तिला समजत नाही. आलेख तेथे कशासाठी दिला आहे, यावर वर्णन ठरते. उदाहरणार्थ : ‘आडव्या अक्षावर प्रमाण, उभ्या अक्षावर किंमत. मागणीची रेषा उजवीकडे सरकते, पुरवठ्याची रेषा जागच्या जागी राहते. नवा समतोल बिंदू पहिल्याच्या वर आणि उजवीकडे आहे.’ हे वाचून विद्यार्थी किंमत आणि प्रमाण दोन्ही वाढल्याचा निष्कर्ष स्वतः काढू शकतो. निष्कर्ष काढणे हाच प्रश्न असेल, तर तो वर्णनात आयता देऊ नये. आलेखामागची आकडेवारी तक्त्यात द्यावी. तक्त्यातील चौकटी मात्र एकमेकींत मिसळू नयेत, नाहीतर कोणता आकडा कोणत्या स्तंभाचा हे ऐकताना उमगत नाही.

‘लाल रेषा पाहा’ अशी सूचनाही टाळावी. लाल आणि हिरवा यांत फरक न कळणारे विद्यार्थी आपल्या वर्गात असू शकतात आणि ते सहसा स्वतःहून सांगत नाहीत. रेषेवरच तिचे नाव लिहावे. फिकट राखाडी अक्षरांचा मोहही सोडावा : डब्ल्यूसीएजी या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांच्या एए पातळीनुसार साध्या आकाराचा मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे गुणोत्तर किमान 4.5 : 1 असावे लागते. समीकरणे चित्र म्हणून न चिकटवता समीकरण-संपादकातच लिहावीत.

प्रश्न : माझी दृष्टी क्षीण आहे. पीडीएफ मोठी केली की ओळ पडद्याबाहेर जाते. अध्यापकांना वारंवार सांगण्याचा संकोच वाटतो.

उत्तर : ‘मला सुलभ साहित्य द्या’ असे म्हटल्यास अध्यापकांना नेमके काय करायचे ते कळत नाही आणि गोष्ट लांबणीवर पडते. आपण सत्राच्या सुरुवातीलाच एकदा लेखी कळवावे : वर्ड किंवा ईपब (ई-पुस्तकाच्या स्वरूपातली) फाईल हवी, कारण अक्षर मोठे केले तरी तिच्यात ओळी पडद्याच्या रुंदीत बसतात; मजकूर दोन्ही कडांना ताणलेला नसावा; आणि स्लाइड्स व्याख्यानाच्या दोन दिवस आधी मिळाव्यात. या पत्राची प्रत विभागप्रमुखांनाही द्यावी.