अल ग्रीन, ओटिस रेडिंग सोडून जुन्या ब्लूज-सोलमधला एखादा कमी माहितीतला गायक सुचवाल का?

सिल जॉन्सन. डोळे झाकून घ्या. आणि नव्वदच्या दशकातलं रॅप तुम्ही थोडंफार जरी ऐकलं असेल ना, तर त्याचा आवाज तुमच्या कानावरून गेलेला आहे, फक्त नाव कुणी सांगितलं नसेल.

जन्म १९३६ चा, मिसिसिपीतल्या हॉली स्प्रिंग्जचा, खरं आडनाव थॉम्पसन. पुढे शिकागोला आला आणि तिथल्या ब्लूज क्लबांत मॅजिक सॅम वगैरे ब्लूज मंडळींबरोबर गिटार वाजवायला लागला. १९५९ ला फेडरल रेकॉर्ड्सने पहिली रेकॉर्ड काढली तेव्हा कंपनीच्या मालकाने परस्पर आडनाव बदलून जॉन्सन करून टाकलं, आणि मग थोरल्या भावाने, ब्लूज गिटारिस्ट जिमीनेही तेच लावलं!

१९६७ ला 'डिफरंट स्ट्रोक्स' हे गाणं आलं. सुरुवातीलाच नुसते ड्रम्स, त्यावर ह्याचे हुंकार आणि कुणाचं तरी खिदळणं, बस एवढ्या काही सेकंदांवर पुढच्या पिढीतल्या रॅप ग्रुप्सनी अख्खी गाणी उभी केली, पब्लिक एनिमी काय, वु-टँग क्लॅन काय. पण माझ्या मते त्याचं खरं काम म्हणजे १९६९ चं 'इज इट बिकॉज आय'म ब्लॅक'. अल्बमवर सात मिनिटांच्या वर आहे, बेस संथ चालत राहतो आणि हा कातडीच्या रंगाबद्दल गातो, ओरडत नाही, घोषणा नाही, नुसतं विचारतो. सहलेखकही तोच.

मग मेम्फिसच्या हाय रेकॉर्ड्सकडे गेला आणि तिथे नशीब आडवं आलं, कारण त्याच कंपनीत, त्याच निर्माता विली मिचेलच्या हाताखाली अल ग्रीन होता, मग दुसऱ्याकडे कोण बघतंय. तरी 'टेक मी टू द रिव्हर' हे अल ग्रीनचंच गाणं १९७५ ला ह्याने स्वतः हार्मोनिका वाजवत गायलं आणि अमेरिकेतल्या आर अँड बी (रिदम अँड ब्लूज) चार्टवर ७ व्या नंबरपर्यंत नेलं. ऐंशीच्या दशकात गाणं जवळजवळ बाजूला ठेवून शिकागोत तळलेल्या माशांची हॉटेलं काढली.

नंतर कळलं की रॅपवाले आपल्या रेकॉर्ड्स कापून वापरतायत. मग काय, वकील लावले. वु-टँगच्या पैशांतून माझं घर झालं असं तो स्वतःच सांगायचा. मात्र सायप्रस हिल या रॅप ग्रुपविरुद्धची केस २०११ ला हरला, कारण अमेरिकेच्या केंद्रीय कॉपीराइट कायद्यात फेब्रुवारी १९७२ च्या आधीची रेकॉर्डिंग्ज तेव्हा बसतच नव्हती, आणि ह्याचं बरंचसं गाजलेलं काम नेमकं त्याच्या आधीचं! मला विचाराल तर हे सरळसरळ अन्यायाचं होतं.

२०१० ला न्यूमेरो ग्रुप या रेकॉर्ड कंपनीने जुन्या रेकॉर्डिंग्जचा बॉक्स सेट काढला, त्याला ग्रॅमी नामांकनं मिळाली, म्हातारपणी का होईना लोक नावाने ओळखायला लागले. फेब्रुवारी २०२२ मध्ये ८५ व्या वर्षी गेला, भाऊ जिमी गेल्यानंतर आठवड्याच्या आतच.

'इज इट बिकॉज आय'म ब्लॅक'पासून सुरुवात करा, अल्बमवालंच लावा, सिंगलसाठी छोटं केलेलं नको. त्यानंतर १९७५ चा 'टोटल एक्स्प्लोजन'. रॅपवाली गाणी शेवटी ऐका, नाहीतर 'डिफरंट स्ट्रोक्स' ऐकताना प्रत्येक वेळी डोक्यात रॅपच सुरू होतं.