कप कुणाचा, ते आधी बघा

तुमचा केक मधे बसला ते ओव्हनमुळे नसावं. रेसिपी अमेरिकन आणि दुधाला घेतलात घरातला चहाचा कप, असं झालं असणार.

अमेरिकन कप म्हणजे 236.6 मिली, सोयीसाठी 240 धरा. ऑस्ट्रेलियन कप 250 चा. राइस कुकरबरोबर येतो तो तर 180 चाच, त्याने केकचं काही मोजू नका. चमच्यांचीही तीच गंमत: टीस्पून सगळीकडे 5 मिली, पण टेबलस्पून अमेरिकेत 15 आणि ऑस्ट्रेलियात 20. बेकिंग सोडा टेबलस्पूनने क्वचितच लागतो, हे आपलं नशीब! जुन्या ब्रिटिश रेसिपीत पाइंट दिसला तर 568 मिली, अमेरिकन असेल तर 473.

आता खरी मेख. मिली हे आकारमान आहे, वजन नाही. आजीच्या पायलीचं आठवा, पायलीभर ज्वारी आणि पायलीभर पोहे तराजूत सारखे भरतील का? तसंच इथे. 240 मिलीच्या कपात साखर साधारण 200 ग्रॅम, लोणी 227, मैदा मात्र 120 ते 125, तोही चमच्याने हलका भरून वर सुरीने सपाट केला तर. डब्यात कप खुपसून काढलात तर सहज 150 च्या आसपास जातो आणि केकची भाकरी होते.

म्हणून दूध, तेल, पाणी मिलीत मोजा, कोरडं सगळं ग्रॅममध्ये. मापाच्या कपांचा नवा सेट घ्यायच्या आधी स्वयंपाकघरातला साधा डिजिटल काटा घ्या. घरातला कप किती मिलीचा हेही त्यावरच कळेल: कप ठेवून काटा शून्य करा, काठोकाठ पाणी भरा, जितके ग्रॅम तितके मिली.