घड बाळीवर का जातो, हे शिकायला कुठे जायचं?

तासगाव तालुक्यातल्या एका द्राक्ष बागायतदारांचं पत्र आहे. मुलगी बारावी सायन्सला, पीसीबी ग्रुप. बागेत जीएचं (जिबरेलिक ॲसिड, म्हणजे जिबरेलिन गटातलं वाढीचं संप्रेरक) डिपिंग, म्हणजे घड त्याच्या द्रावणात बुडवणं, चालू असताना तिने विचारलं, ‘हे पेशीत जाऊन नेमकं करतं काय?’ आता तिला डॉक्टरकीची ‘नीट’ परीक्षा द्यायची नाही, हेच शिकायचंय. घरचे म्हणतात, बीएस्सी ॲग्री कर. वडील विचारतात, ‘या विषयात पुढे आहे काय आणि पोट भरेल का?’

सप्रेम नमस्कार,

आधी लेकीच्या प्रश्नाचं उत्तर. त्यातला कोणता भाग तिला धरून ठेवतो, यावर कॉलेज ठरवता येईल.

पेशीच्या केंद्रकात डेला नावाची प्रथिनं असतात. वाढीची जनुकं चालू करणारी जी प्रथिनं आहेत, त्यांना ही डेला अडवून धरतात. जिबरेलिन आलं की ते जीआयडी-1 या ग्राहक प्रथिनाच्या खाचेत बसतं. त्यामुळे जीआयडी-1 चा आकार बदलतो आणि ते डेलाला पकडतं. मग डेलावर युबिक्विटिन या छोट्या प्रथिनाची खूण लागते आणि प्रोटिएसोम, म्हणजे पेशीतलं प्रथिनं मोडणारं यंत्र, त्याचे तुकडे करतं. म्हणजे जीए स्वतः जनुकाला हातही लावत नाही. ते फक्त अडसर काढतं. जीआयडी-1 जपानमध्ये भातात सापडलं, 2005 साली. ऑक्सिन या दुसऱ्या वाढ-संप्रेरकाचा ग्राहकही त्याच वर्षी ओळखला गेला आणि तिथेही अडवणारं प्रथिन मोडण्याचीच रीत निघाली. हरितक्रांतीतल्या बुटक्या गव्हात डेलाचंच जनुक बदललेलं आहे. जीए आलं तरी ते डेला मोडत नाही, म्हणून ताट उंच होत नाही आणि लोळतही नाही.

तुमच्या बागेशी याचा थेट संबंध आहे. पिनो मुनिए या वाणापासून मिळवलेल्या एका बुटक्या वेलीत डेला असंच बदललेलं असल्याचं 2002 साली दाखवलं गेलं. त्या वेलीवर बाळीच्या, म्हणजे आधाराला गुंडाळणाऱ्या तणाव्याच्या, जागी घड येतात! आपल्याकडे नेमकं उलटं दुखणं. फळछाटणीनंतर घड जिरतो, बाळीवर जातो, म्हणजे घडाची बाळी होते. सायटोकायनिन या पेशीविभाजनाच्या संप्रेरकापेक्षा जिबरेलिनचं पारडं जड होणं हे त्याचं एक कारण, आणि 6-बीए हे सायटोकायनिन फवारतात ते त्यासाठीच. आणि तास-ए-गणेश या बिनबियांच्या वाणाला डिपिंग लागतं, कारण मण्यात जिबरेलिन पुरवणारं बी धड वाढतच नाही.

आता तिची परीक्षा. नीटची नव्हे, हाताची. जनुक चालू झालेलं घरच्या घरी, अप्रत्यक्षपणे का होईना, बघता येतं. सालीसकटचे जव घ्यायचे. पॉलिश केलेली बार्ली चालत नाही, कारण जीएला प्रतिसाद देणारा ॲल्युरोन थर त्यात घासून गेलेला असतो. दाणे आडवे कापून कोंबाकडचा अर्धा भाग टाकून द्यायचा. उरलेले अर्धे दाणे 1 टक्का हायपोक्लोराइटमध्ये (ब्लीचमध्ये) 20 मिनिटं ठेवून उकळून गार केलेल्या पाण्याने तीन-चार वेळा धुवायचे. 100 मिली डिस्टिल्ड वॉटरमध्ये 1.5 ग्रॅम अगार, 0.2 ग्रॅम स्टार्च आणि 0.1 ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड उकळायचं. जीएमुळे दाणा अमायलेज हे स्टार्च तोडणारं विकर बनवतो, आणि कॅल्शियमशिवाय ते टिकत नाही. कोमट झालं की तुमच्याच पुडीतल्या जीएचं 10 पीपीएम द्रावण 3.5 मिली त्यात घालायचं. हे साधारण 1 मायक्रोमोलर होतं आणि तेवढं पुरतं. बोअरचं पाणी वापरू देऊ नका, अल्कधर्मी पाण्यात जीए लवकर निकामी होतं. दाणे कापलेली बाजू खाली करून मांडायचे, 48 तास अंधारात 25 अंशांच्या आसपास ठेवायचे आणि वरून आयोडीन ओतायचं. सगळी प्लेट निळी-काळी आणि दाण्याभोवती पांढरं कडं दिसलं, तर अमायलेजचं जनुक चालू झालं.

शेजारी बिनजीएची एक प्लेट आणि उकळलेल्या दाण्यांची एक प्लेट हवीच. बिनजीएच्या प्लेटवरही कडं आलं तर कोंबाचा तुकडा राहिला असेल, नाहीतर बुरशी शिरली असेल. बुरशीकडे स्वतःचं अमायलेज असतं. पहिल्या खेपेला बहुधा असंच होईल. त्यावर ती वैतागते की दुसऱ्यांदा दाणे कापायला बसते, हे तुम्ही बघा. मला गुणपत्रिकेपेक्षा ते जास्त सांगून जातं.

पुढे प्रयोगशाळेतही कामाची जात हीच. तिथे आरएनए, म्हणजे चालू जनुकाची प्रत, काढून क्यूपीसीआर या यंत्रावर जनुक किती चढलं ते मोजतात. द्राक्षाच्या मण्यात पॉलिफेनॉल आणि साखर इतकी असते की साध्या किटने आरएनए तपकिरी होऊन बसतो. सीटॅब आणि पीव्हीपी या रसायनांची जुनी पद्धत घ्यावी लागते. नमुना फवारणीनंतर अर्ध्या तासाचा की सहा तासांचा, यावर निष्कर्ष बदलतो, कारण उशिराच्या नमुन्यात जीएने चालू केलेल्या जनुकांनी पुढे चालू केलेली जनुकंही मिसळतात.

तिला ‘का’ मध्ये रस असेल तर आयसर पुणे या केंद्र सरकारच्या विज्ञान संस्थेची पाच वर्षांची बीएस-एमएस ही माझी पहिली पसंती. प्रवेश आयएटी या आयसरच्या प्रवेश परीक्षेतून. त्यात जीवशास्त्र, रसायन, भौतिक आणि गणित यांचे प्रत्येकी 15 प्रश्न असतात. पीसीबीची मुलं गणितात मार खातात, म्हणून तयारी आजपासूनच हवी. नाही जमलं तर सांगली किंवा कराडच्या चांगल्या कॉलेजात रसायन आणि वनस्पतिशास्त्र घेऊन बीएस्सी, मग जॅम किंवा गॅट-बी या एमएस्सीच्या प्रवेश परीक्षा देऊन एमएस्सी. ‘किती पीपीएम, कधी’ यात रस असेल तर घरच्यांचं बरोबर आहे: एमएचटी-सीईटी देऊन राहुरी विद्यापीठाच्या कॉलेजात बीएस्सी ॲग्री, पुढे वनस्पती शरीरक्रियाशास्त्रात एमएस्सी. मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र या वाटेवर जवळ पडतं. फॉर्म दोन्ही भरा.

पैशाचं स्पष्ट सांगतो. एमएस्सीनंतर सीएसआयआर-नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर 2023 पासून महिना 37,000 रुपये आणि घरभाडं. पण तिथवर पाच वर्षं जातात आणि पीएचडीला आणखी पाच धरा. मधेच थांबायचं ठरलं तर टिश्यू कल्चर, बियाणे कंपन्या आणि निर्यातीच्या मालातले औषधांचे अंश तपासणाऱ्या रेसिड्यू लॅब आहेत, पण पगाराची सुरुवात बेताची असते.

एक मात्र टाळा: नावात ‘बायोटेक्नॉलॉजी’ आहे एवढ्यावर खासगी कॉलेजची फी भरू नका. आधी लॅब बघायला जा. पीसीआर मशीन चालू आहे का, आणि दुसऱ्या वर्षाची मुलं पिपेट स्वतः धरतात की सर दाखवतात आणि मुलं वहीत उतरवतात, हे तिथल्या मुलांनाच विचारा.