आईच्या अंडाशयाच्या कॅन्सरला व्हिटॅमिन डीची कमतरता कारणीभूत असेल का?

तुमचे प्रश्न दोन. आईला अंडाशयाचा कॅन्सर निघाला आणि रिपोर्टमध्ये व्हिटॅमिन डी ११ आलं, तर हे त्यामुळेच झालं का? आणि तुम्ही आतापासून मोठ्या डोसच्या गोळ्या सुरू कराव्यात का?

११ कमीच आहे. पण तो आकडा निदानानंतरचा. पोट फुगलेलं, चार घासांत भरणारं, उन्हात जाणं बंद, अशा माणसाचं डी घसरतंच. त्या एका रिपोर्टवरून आधी काय झालं ते कळत नाही.

अंडाशयाच्या गाठींत डीचा रिसेप्टर, म्हणजे डीला पकडणारं पेशीतलं प्रथिन, असतो असं तुम्ही वाचलंय; ते खरं आहे. डी आधी यकृतात आणि मग मुख्यतः मूत्रपिंडात बदलून कॅल्सिट्रायॉल होतं. ते पेशीतल्या व्हीडीआर या रिसेप्टरला चिकटतं, मग ही जोडगोळी डीएनएवर बसून काही जनुकं चालू-बंद करते. अंडाशयाच्या अनेक गाठींत हा रिसेप्टर सापडतो.

मी काही वर्षं लॅबमध्ये याच पेशी वाढवल्या आहेत. कॅल्सिट्रायॉल उजेडाने खराब होतं, म्हणून त्याची कुपी फॉइलमध्ये गुंडाळून फ्रीझरात ठेवायचो. ते घातलेल्या फ्लास्कमधल्या पेशी पटापट मरत नाहीत, विभाजनाच्या वाटेवर अडतात. शेजारचा साधा फ्लास्क तळ झाकून गच्च भरलेला असतो, तेव्हा यात अजून मोकळे चट्टे दिसतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मीही हरखले होते.

मग डोसचा हिशेब केला. आम्ही घालत होतो १०० नॅनोमोलर. रक्तात कॅल्सिट्रायॉल असतं साधारण ०.१ नॅनोमोलर, म्हणजे हजार पट फरक! गोळ्या खाऊन तिथवर जाता येत नाही. शरीर कॅल्सिट्रायॉलला घट्ट लगाम घालून ठेवतं, आणि जबरदस्तीने वाढवलं तर रक्तातलं कॅल्शियम चढून आधी मूत्रपिंडाचे हाल होतात. यूट्यूबवरचे ‘डीने कॅन्सर पळतो’वाले नेमकं हेच गाळतात.

तरी विषय निकालात निघालेला नाही. २०१६ साली युरोपीय वंशाच्या स्त्रियांच्या जनुकांवरून झालेल्या अभ्यासात, ज्यांचं डी जन्मतःच कमी राहण्याकडे झुकतं त्यांना अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका थोडा जास्त दिसला. मला हा पुरावा वजनदार वाटतो, कारण जनुकं आजारपणाने बदलत नाहीत. उलट, २५,८७१ जणांच्या व्हायटल चाचणीत रोज २००० युनिट डी सुमारे पाच वर्षं देऊनही एकूण कॅन्सरचं प्रमाण घटलं नाही. त्यात अंडाशयाचा स्वतंत्र निकाल लागणं अवघडच, हा कॅन्सर त्या मानाने विरळा.

आईची कमतरता भरून काढायलाच हवी, पण हाडांसाठी. पाळी जायच्या आधी अंडाशयं काढली असतील तर जास्तच. डोस त्यांच्या ऑन्कॉलॉजिस्टना ठरवू द्या. तुमची पातळी कमी असेल तर नेहमीच्या डोसने भरा, त्यापलीकडे नको.

तुमच्या स्वतःच्या धोक्यासाठी मात्र मी डीच्या आधी दुसरंच विचारेन: आईची बीआरसीए (स्तन आणि अंडाशयाच्या कॅन्सरशी जोडलेली जनुकं) तपासणी झाली का? त्या जनुकात दोष निघाला तर तो तुमच्यात असण्याची शक्यता निम्मी. पुढच्या अपॉइंटमेंटला हा प्रश्न कागदावर लिहून न्या.