वेलिंग्टनची थंडी घरात असते

"निफाडला पारा ४-५ पर्यंत उतरतो, वेलिंग्टनला तेवढाही नाही. मग दीड वर्षाच्या मुलीसाठी एवढी काळजी कशाला?" असं तुम्ही विचारलंत. मीही नाशिकचाच. इथे न्यूझीलंडला येताना मीही हाच हिशेब केला होता आणि तो चुकला, कारण आपण फक्त रात्रीचा आकडा बघतो. निफाडला पहाटे कुडकुडलो तरी दुपारी ऊन चटकतं, भिंती तापतात. इथे जुलैत रात्री साधारण ६ आणि भर दुपारी ११-१२. आठवडेच्या आठवडे भिंत, जमीन, काच तापतच नाहीत.

शरीराला नुसती हवा जाणवत नाही. हीटरने हवा २० वर नेली, तरी शेजारची काच आणि भिंत गार असेल तर अंगातली ऊब त्या दिशेने निघून जाते. त्यात ओल. आमच्या पहिल्या घरात मुलाचा पलंग बाहेरच्या भिंतीला लावला होता. महिन्याभराने गादी उचलली तर मागे काळी बुरशी. त्याचा खोकला तोवर जात नव्हता. पलंग हलवला, पुढे घरच बदललं. ती चूक तुम्ही करू नका, म्हणून एवढं लिहितोय.

घर उत्तरेकडे तोंड असलेलं बघा. आपण दक्षिण गोलार्धात असतो, हिवाळ्यातलं ऊन उत्तरेकडून येतं. दरीत किंवा डोंगराच्या दक्षिण उतारावरचं घर कितीही स्वस्त असो, सोडून द्या. बांधकामाचं साल विचारा. १९७८ आधी इथे इन्शुलेशनची, म्हणजे घरातली ऊब अडवणाऱ्या थराची, सक्तीच नव्हती, आणि जुन्या लाकडी घरांत अजूनही एकेरी काचा असतात. घर बघायला जाल तेव्हा पडदे आणि कपाटं सरकवून मागे बघा, कुबट वास येतो का तेही बघा.

कायदा तुमच्या बाजूने आहे. १ जुलै २०२५ पासून खासगी भाड्याच्या प्रत्येक घराला 'हेल्दी होम्स'चे नियम लागू आहेत: बैठकीची खोली १८ अंशांपर्यंत तापवू शकेल असा पक्का बसवलेला हीटर, छत आणि जमिनीखाली इन्शुलेशन, स्वयंपाकघरात व न्हाणीघरात वाफ बाहेर फेकणारा पंखा. भाडेकरारात त्याचं निवेदन असतं, ते वाचल्याशिवाय सही करू नका. पण नीट लक्षात घ्या, हीटरची अट फक्त बैठकीच्या खोलीला आहे. मुलीच्या खोलीची सोय तुम्हालाच करायची.

हीट पंप म्हणजे उलटा चालणारा एसी. एका युनिट विजेत साधारण तीन युनिटांची ऊब देतो, म्हणून तेलाच्या हीटरपेक्षा तोच वापरा. ३० वर लावून खोली लवकर तापत नाही, २०-२१ वर ठेवा आणि जाळी धूत जा. सिलिंडरच्या गॅसवरचे, धुरांडं नसलेले हीटर घेऊ नका. त्यांची वाफ घरातच राहते.

आपल्या स्वयंपाकात वाफ फार. कुकर लावला की पंखा चालू. कपडे घरात वाळवू नका. आणि सकाळी दहा मिनिटं खिडक्या सताड उघडाच, कितीही गार वाटलं तरी. ओली हवा तापवायला जास्त वीज लागते.

जाड रजया आणू नका, इथे मिळतात. आईने शिवलेली गोधडी मात्र आणा. मुलीला जमिनीवर खेळायला आम्ही तीच अंथरतो, खालून गारवा येत नाही.