कंसात क्ष असेल तर कंचेभागुबेवचा नियम कसा लावायचा?

आपण विचारले आहे की कंचेभागुबेवप्रमाणे (कंस, ‘चे’, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी या क्रमाने) कंस आधी सोडवायचा असतो, पण ५०० − ३(क्ष − १०) = २९० या समीकरणात क्षची किंमतच माहीत नसल्यामुळे कंसातली वजाबाकी करता येत नाही, मग सुरुवात कुठून करावी. ठाण्यात नौपाड्याला आमच्या इमारतीतली सातवी-आठवीची मुले संध्याकाळी माझ्याकडे गणिताला बसतात आणि त्यांच्यातले कोणीतरी दरवर्षी हेच विचारते. मला तो प्रश्न फार मोलाचा वाटतो, कारण पाठ केलेला नियम नेमका कुठे अडतो हे त्या मुलाने स्वतः पाहिलेले असते.

कंचेभागुबेव हा पदावलीची किंमत काढण्याचा क्रम आहे. समीकरणात त्याचा उपयोग आधी वाचण्यासाठी होतो, म्हणजे क्षवर कोणत्या क्रिया कोणत्या क्रमाने झाल्या हे तो सांगतो. समजा, आपण गावदेवीच्या बाजारात ५०० रुपये घेऊन गेलात, प्रत्येकी क्ष रुपयांच्या तीन टोप्या घेतल्या, दुकानदाराने दर टोपीमागे १० रुपये कमी केले आणि आपल्या हातात २९० रुपये उरले. येथे क्षमधून आधी १० वजा झाले, मग ३ ने गुणले गेले आणि शेवटी तो गुणाकार ५०० मधून वजा झाला.

आता याच वाटेने उलटे यावे. ५०० पैकी २९० उरले, म्हणून ३(क्ष − १०) = २१०; दोन्ही बाजूंना ३ ने भागून क्ष − १० = ७०; आणि क्ष = ८०. जो कंस आधी सोडवायचा असे आपण म्हणत होतो, तो सर्वांत शेवटी सुटला. ही रीत जुनी आहे. भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात ‘लीलावती’मध्ये व्यस्तविधी या नावाने ती दिली असून तीत गुणाकाराच्या जागी भागाकार आणि वजाबाकीच्या जागी बेरीज करत शेवटाकडून आरंभाकडे जायचे असते.

क्ष दोन्ही बाजूंना असेल, उदाहरणार्थ ५(क्ष − २) = ३(क्ष + ४), तर केवळ उलटे येऊन भागत नाही. तेथे वितरणाच्या नियमाने, म्हणजे बाहेरच्या संख्येने कंसातल्या प्रत्येक पदाला गुणून, कंस उघडावा लागतो: ५क्ष − १० = ३क्ष + १२, म्हणून २क्ष = २२ आणि क्ष = ११.

कंस उघडतानाच सर्वाधिक चुका होतात, म्हणून टोप्यांच्या समीकरणाकडे पुन्हा येतो. काही मुले ५०० मधून ३ आधी वजा करून ४९७(क्ष − १०) लिहितात. पण ३ हा कंसाला गुणलेला आहे आणि गुणाकार वजाबाकीच्या आधी येतो, त्यामुळे तो ५०० शी जोडता येत नाही. दुसरी चूक ५०० − ३क्ष − ३० अशी असते. येथे मी मुलांना चिन्हांचा नियम सांगण्याआधी सवलतीचा विचार करायला लावतो: तीन टोप्यांची पूर्ण किंमत ३क्ष खिशातून गेली, पण सवलतीचे ३० रुपये परत आले, म्हणून ५०० − ३क्ष + ३० असेच लिहिले पाहिजे. ५०० − ३क्ष − १० लिहिणाऱ्याने तर सवलतीची रक्कम एकाच टोपीपुरती धरली आणि तीही परत घेण्याऐवजी दुकानदाराला देऊन टाकली. बरोबर उघडल्यावर ५३० − ३क्ष = २९०, म्हणून ३क्ष = २४० आणि क्ष पुन्हा ८० च येतो.

एक गोष्ट जाता जाता सांगतो. कंचेभागुबेवमध्ये ‘बे’ आधी आहे म्हणून २० − ५ + ३ याचे उत्तर १२ काढणारी मुले मी पाहिली आहेत. बेरीज आणि वजाबाकी एकाच पायरीवरच्या क्रिया आहेत आणि त्या डावीकडून उजवीकडे करायच्या असतात, त्यामुळे उत्तर १८ आहे. गुणाकार-भागाकाराचेही तसेच आहे.

शेवटी ताळा मात्र न चुकता करावा. क्षच्या जागी ८० ठेवले की कंसात अखेर संख्या येतात आणि आपला नियम जसाच्या तसा लागू पडतो: आधी कंस, ८० − १० = ७०; मग गुणाकार, ३ × ७० = २१०; मग वजाबाकी, ५०० − २१० = २९०.